तारीख, वार आणि क्रॉन

युनिक्स संगणकावर ठरल्या वेळी आपोआप कामे करून घेणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक ‘क्रोनोस’वरून पडलेले. एका ओळीत आधी वेळ लिहायची, मग काम. वेळेचे रकाने पाच: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. चांदणी (*) म्हणजे ‘कोणताही’. पाच म्हटल्यावर मला पंचांग आठवले नसते तरच नवल! तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. दोघांत सामाईक अंग एकच, वार. आणि मी ठेचकाळलो तो नेमका तिथेच.

एका छोट्या संस्थेच्या सभासदांना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला ई-मेलने वर्गणीची आठवण करायची होती. पहिला सोमवार १ ते ७ तारखांतच पडतो. म्हणून मी लिहिले:

० ६ १-७ * १

(यंत्राला इंग्रजी अंक लागतात, इथे आपले लिहितो.) झाले असे की पहिले सात दिवस रोज पत्र गेले, नंतर दर सोमवारी. एका ज्येष्ठ सभासदांनी फोन केला, “बाबा रे, एवढी घाई का? मी काही पळून जात नाही.”

चूक माझीच. पण गंमत म्हणजे १९७९ साली बेल लॅब्जमधून आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या क्रॉनने माझी ओळ बरोबर वाचली असती. तो दर मिनिटाला जागा व्हायचा, यादी पाहायचा आणि पाचही रकाने जुळले तरच काम करायचा. पुढे नियम बदलला. तारीख आणि वार दोन्ही दिले, तर एक जुळले तरी पुरे. बाकी रकान्यांना ‘आणि’, या दोघांनाच ‘किंवा’. पॉल विक्सीने १९८७ साली लिहिलेला क्रॉन नंतर लिनक्समधून सर्वत्र पोहोचला. त्याच्या प्रोग्रॅममध्येच शेरा आहे की हे विचित्र आहे, पण मानकच तसे आहे!

मला हा बदल पटत नाही. ‘किंवा’ तर दोन ओळी लिहूनही सांगता येतो. ‘आणि’ची सोय मात्र गेली. आपली अंगारकी म्हणजे संकष्टी आणि मंगळवार एकत्र. क्रॉनच्या हिशेबाने प्रत्येक संकष्टीला उपास, शिवाय दर मंगळवारी.

असो. मी वाराच्या रकान्यात चांदणी टाकली, तारखा ठेवल्या आणि ‘आज सोमवार आहे का’ हे कामाच्याच ओळीत तपासायला लावले. पुढच्या महिन्यात पत्र एकदाच गेले. त्या ज्येष्ठांची वर्गणी मात्र तोवर जमा झाली होती.