दिनविशेष : ८ नोव्हेंबर
१९१९ : पु. ल. देशपांडे यांचा मुंबईत जन्म. ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यात त्यांनी गण-गवळण-वगाच्या ढंगात नव्या पुढारपणाची रेवडी उडवली. तेव्हा स्वातंत्र्याला जेमतेम चार वर्षे होत होती. एवढ्या लवकर या पुढारपणाचे रूप ओळखणे ही मोठीच गोष्ट. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकही तेच, म्हणून ‘सबकुछ पु. ल.’. आणीबाणी शिथिल झाल्यावर, १९७७ च्या निवडणुकीत, ते जनता पक्षासाठी सभा गाजवत फिरले. विजयानंतर पुन्हा लेखणीकडे वळले. १९९६ चा महाराष्ट्र भूषण स्वीकारतानाही त्यांनी सत्ताधाऱ्यांना सुनावलेच. १२ जून २००० रोजी निधन. शाळा-महाविद्यालयांनी यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘पुढारी पाहिजे’ जरूर बसवावे.