जुनं धनुष्य म्हणजे मागासलेलं धनुष्य?

२०२३ सालची बर्लिनमधली जागतिक तिरंदाजी स्पर्धा आठवते? साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनीही कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं होती. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी या रचनेसाठी १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

या चाकांची गंमत अशी, की दोरी पूर्ण ओढल्यावर ओझं एकदम उतरतं. कमाल ताणाच्या २० ते ३० टक्केच हातात उरतं, त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. लाकडी धनुष्याचं उलट आहे. जितकं ओढाल तितकं ते जड होत जातं. बल आणि अंतर यांचा आलेख काढा. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे साठवलेली ऊर्जा. कमाल ताण सारखाच असेल, तर कंपाउंडचं क्षेत्रफळ जास्त भरतं. हा आलेख पाहून मीही ठरवून टाकलं होतं, की लाकडी धनुष्य म्हणजे शिडीची खालची पायरी.

मग ‘मेरी रोज’बद्दल वाचलं आणि माझा प्रश्नच चुकला होता हे कळलं.

आठव्या हेन्रीचं हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळ बुडालं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला गेला. या उत्खननात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. धनुष्यांची सरासरी लांबी जवळपास २ मीटर, म्हणजे माणसापेक्षा उंच! लाकूड यू नावाच्या झाडाचं. कारागिरानं ते असं कापलं होतं, की बाहेरचं पांढरट लाकूड धनुष्याच्या पाठीला यावं आणि गाभ्याचं तांबूस लाकूड पोटाला. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, आणि त्या त्या कामाला ते ते लाकूड चांगलं. आज आपण ज्याला संमिश्र पदार्थ म्हणतो, तो इथे झाडानंच तयार करून ठेवला होता.

पण ही धनुष्यं किती ताकदीची होती? सरळ ओढून मोजता येईना, कारण चारशेहून जास्त वर्षं पाण्यात राहून लाकूड कमकुवत झालं होतं. इथे संशोधनाची पद्धत बघण्यासारखी आहे. अभिनेते आणि धनुष्याचे अभ्यासक रॉबर्ट हार्डी, पदार्थवैज्ञानिक आणि डच गणितज्ञ कोई अशी मंडळी एकत्र आली. त्यांनी मूळ मापांवरून गणिती प्रारूप केलं आणि नव्या लाकडाच्या प्रतिकृतीशी ताडून पाहिलं. अंदाज निघाला साधारण १०० ते १८५ पाउंड. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडला मर्यादा आहे ६० पाउंडांची!

एवढं ओढणारा माणूस एका दिवसात घडत नाही. इंग्लंडमध्ये १३६३ साली राजानं सुट्टीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला होता. जहाजावरच्या काही सांगाड्यांमध्ये खांद्याच्या हाडाचं टोक जोडलेलं नव्हतं; लहानपणापासूनचा सराव हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

म्हणजे बघा, कंपाउंडमध्ये जे काम चाकं करतात, ते तिथे खांदे, सवय आणि कायदा मिळून करत होते. मी फक्त वस्तूची वस्तूशी तुलना करत होते. तुलना व्हायला हवी होती ती अख्ख्या व्यवस्थेची.

तुम्ही संशोधनाचा विषय ठरवत असाल, तर ‘जुनं विरुद्ध नवं’ असं शीर्षक लिहिण्याआधी एक करा: व्यवस्थेची सीमा नेमकी कुठे आखताय ते एका ओळीत लिहा. माणूस त्या सीमेच्या आत आहे की बाहेर? उत्तर बदललं की निष्कर्षही बदलतो.

कंपाउंड मला आजही आवडतं. पण आता लाकडी धनुष्याचा फोटो दिसला, की मी आधी त्याच्या पाठीवरचा तो पांढरट पट्टा शोधते.