जुना सुटा भाग विकल्यावर खरेदीदाराची तक्रार आली तर...

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचा जुना भाग विकायला नेला, की दुकानदार तो समोरच लावून पाहतो, भाव सांगतो आणि व्यवहार तेथेच संपतो. इंटरनेटवरून अनोळखी माणसाला तोच भाग कुरिअरने पाठविला, की मात्र चार दिवसांनी ‘कार्ड चालत नाही, पैसे परत करा’ असा निरोप येऊ शकतो. अशा वेळी घाईने पैसे देणे किंवा फोन बंद करून बसणे, दोन्हीही महागात पडते.

भाग बिघडला आहे की खरेदीदाराच्या संगणकाशी जुळत नाही, हे आधी पाहावे. डीडीआर-३ मेमरी डीडीआर-४च्या मदरबोर्डवर बसतच नाही. दोहोंच्या खाचा निराळ्या जागी असतात. ग्राफिक कार्डाला पॉवर सप्लायची स्वतंत्र वायर जोडायची राहिली, तरीही पडदा काळाच राहतो. मदरबोर्डचे मॉडेल आणि जोडणीचे छायाचित्र मागवावे. पुष्कळ वाद येथेच मिटतात.

दोष खरा असेल, तर जाहिरातीत काय लिहिले होते ते महत्त्वाचे ठरते. वस्तुविक्री अधिनियम, १९३०च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असावी लागते. आठ जीबीचे कार्ड म्हणून चार जीबीचे पाठविणाऱ्याला ‘जसे आहे तसे’ या ओळीचा आधार मिळणे कठीण. त्याने पैसे परत करावेत, हेच बरे. कलम १६ मात्र दर्जाची गर्भित हमी मुख्यतः व्यापाऱ्यावर टाकते. ग्राहक संरक्षणाचे २०२० मधील ई-कॉमर्स नियमही वैयक्तिक विक्रीला लागू नाहीत. अर्थात, दरमहा दहा-बारा भाग विकणाऱ्याने स्वतःला घरगुती विक्रेता म्हणवून घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी भाग हाती यावा. खोके उघडताना चित्रीकरण करावे आणि अनुक्रमांक पाठविण्यापूर्वीच्या छायाचित्राशी ताडून पाहावा; चांगला भाग ठेवून स्वतःचा बिघडलेला परत पाठविण्याची युक्ती जुनीच आहे. मदरबोर्ड असल्यास सॉकेटमधील पिना वाकलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. परतावा ज्या खात्यातून पैसे आले, त्याच खात्यात करावा. ‘भावाच्या नंबरवर टाका’ म्हटल्यास नकार द्यावा.

चिडलेला खरेदीदार १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो आणि विक्रेत्याच्या खात्यातील तेवढी रक्कम रोखून धरली जाऊ शकते. म्हणून फोनवर ठरलेलेही लगेच संदेशाने लिहून कळवावे. जाहिरात, संभाषण आणि कुरिअरची पावती जपून ठेवावी. रक्कम रोखली गेलीच, तर हीच कागदपत्रे बँकेला व तपास करणाऱ्या पोलिसांना दाखवावी लागतात. तडजोड झाल्यास तक्रार मिटल्याचे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे.

राहता राहिला परतीच्या कुरिअरचा खर्च. वर्णन चुकले असेल तर तो विक्रेत्याने सोसावा. एरवी निम्मा-निम्मा वाटून घेतला, तर दीड-दोनशे रुपयांवरून वाद पुन्हा पेटत नाही.