नांगर: शेतातला आणि समुद्रातला

मंडळी, आमच्या धुळे-जळगावात नांगर म्हटलं की शेत डोळ्यासमोर येतं. कोकणात बोट जागेवर धरणारी वस्तूही नांगरच. दोघांचं काम जमिनीत रुतायचं, आणि लोखंड आल्यावर दोघांचा वैरीही एकच: गंज.

विजयदुर्गच्या पाण्यात अभ्यासकांना जुने दगडी नांगर सापडलेत. दगडाला कसला गंज! लोखंड मात्र खाऱ्या पाण्यात झिजतं, आणि वादळात कडी तुटली तर बोट थेट खडकावर.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्त-लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण त्यावर शिंपले चढून जहाजंच मंदावली! १८३७ मध्ये फ्रान्सच्या सोरेलने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायचं पेटंट घेतलं. आज बऱ्याच बोटींच्या नांगरावर तोच थर असतो. घासून तो गेला, की नांगर गोड्या पाण्याने धुवा, खरवडा, रंगवा, नाहीतर पुन्हा जस्तात बुडवून आणा.

आपल्याकडे किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हा शेतकऱ्यांना भीती होती की लोखंडाने जमीन नासेल. गंजाची काळजी नंतरची, बरं का. आता तर हंगाम संपला की फाळाला जळालेलं ऑइल फासून ठेवतात.