जुना डिझेल पिकअप घरच्या घरी: दुरुस्ती आणि सुधारणा

मंडळी, टेक्ससमध्ये दोन-चार वर्षं काढली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना पिकअपचं वेड लागतं. निमित्त काहीही चालतं. मंडळाच्या गणपतीचं मखर न्यायचं असतं, नाटकाचा सेट हलवायचा असतं, किंवा शेजारचा टेक्सन आजोबा रोज त्याच्या ट्रकवरून हात फिरवताना दिसत असतो. नव्या डिझेल पिकअपची किंमत ऐकली की गृहमंत्री नाही म्हणतात आणि मग नजर वीस-तीस वर्षं जुन्या गाडीकडे वळते. अर्विंग आणि आसपासच्या ज्या मंडळींना असा ट्रक घेऊन स्वतःच्या हाताने उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र करून ठेवतो आहे. आपल्यातले बरेच जण मेकॅनिकल करून आयटीत आलेले. पाना हातात धरायची हौस अजून गेलेली नसते, तिचा उपयोग होईल.

कुठला ट्रक?

जुन्या डिझेल पिकअपमध्ये मुख्य नावं दोन. एक, डॉज रॅममधलं ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन आणि दुसरं, फोर्डमधलं नेव्हिस्टारने बनवलेलं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक. फोर्डचं हे इंजिन १९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंत मिळत होतं. तेही दणकट आहे, पण त्याचे इंजेक्टर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात आणि त्यांचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असतं. त्याचा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर चालता चालता दगा देतो म्हणून कित्येक मालक एक जादा सेन्सर आणि १० नंबरचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवूनच फिरतात. घरी शिकत शिकत काम करायचं असेल तर माझं मत कमिन्सला.

कमिन्स घेताना वर्ष नीट बघा, कारण पंप वर्षाप्रमाणे बदलतो. १९८९ ते १९९३ च्या गाड्यांत बॉशचा व्हीई रोटरी पंप आहे. १९९४ ते १९९८ च्या मध्यापर्यंत बॉशचा पी७१०० हा इनलाइन पंप, पूर्ण मेकॅनिकल. त्यानंतर २००२ पर्यंत २४ व्हॉल्व्हचं इंजिन आणि व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोनेट उघडल्यावर प्रत्येक सिलिंडरला वेगळं असं सहा छोट्या व्हॉल्व्ह कव्हरांचं इंजिन दिसलं तर ते १२ व्हॉल्व्ह. एकच लांब कव्हर असेल तर २४. घरगुती गॅरेजसाठी पी७१०० वाला १२ व्हॉल्व्ह सगळ्यात सोयीचा, आणि ही गोष्ट साऱ्या टेक्ससला ठाऊक असल्यामुळे तो स्वस्तात मिळत नाही.

हे इंजिन आपल्याला परकं नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कोथरूडच्या तिच्या कारखान्यावरून आपल्यातले कितीतरी जण शाळा-कॉलेजात जात असतील, आणि कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजच्या मुली तर या भागात पुष्कळ आहेत. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्सची भागीदारी होऊन जमशेदपूरला याच बी सिरीजची इंजिनं टाटाच्या ट्रकसाठी बनू लागली, पुढे फलटणलाही कारखाना आला. म्हणजे घाटात आपल्या एशियाडला वाट न देणाऱ्या कित्येक ट्रकांच्या पोटात या पिकअपचंच भावंडं होतं. तिकडे जे इंजिन दहा-पंधरा टन ओढतं ते इकडे तीन टनांच्या पिकअपमध्ये बसवलंय. म्हणून ते लाखो मैल टिकतं.

आणि इथेच लोक फसतात. इंजिन टिकतं, पण त्याच्याभोवतीचा ट्रक टिकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, रबरी होज, गिअरबॉक्स हे सगळं थकलेलं असतं आणि खाली इंजिन मात्र मस्त गुरगुरत असतं. त्या आवाजावर भाळून माणूस पहिला खर्च ताकद वाढवण्यावर करतो. काम याच्या बरोबर उलट क्रमाने करायचं.

कागदपत्रं आणि जागा

विकणाऱ्याच्याच नावावर टायटल आहे ना, त्यावर सॅल्व्हेजचा शिक्का नाही ना, हे आधी. टायटल ३० दिवसांत आपल्या नावावर करायचं आणि ६.२५ टक्के विक्रीकर भरायचा. गाडी २५ वर्षांची झाली की अँटिक प्लेट मिळू शकते, पण ती प्रदर्शन, परेड, क्लबचे कार्यक्रम अशा वापरासाठी असते. सामान वाहायचं आणि ऑफिसला न्यायचं असेल तर साधीच प्लेट घ्या.

टेक्ससने १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. डॅलस, टॅरंट, कॉलिन, डेंटन या काउंट्यांत धुराची तपासणी अजून आहे, पण ती पेट्रोल गाड्यांची, डिझेलला लागू नाही. याचा अर्थ असा की तुमच्या जुन्या डिझेल ट्रकचे ब्रेक चालतात की नाही हे सरकारतर्फे आता कोणीच बघत नाही. बघणारे फक्त तुम्ही. तपासणी नाही म्हणून कंपनीने बसवलेली प्रदूषणविरोधी उपकरणं काढून टाकायची मुभा मात्र मिळत नाही, केंद्राच्या कायद्याने ते गैरच आहे.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हा उद्योग विसरा, पार्किंगमध्ये दुरुस्ती बहुतेक लीजमध्ये चालत नाही. घर असेल तर एचओएचे नियम आधी वाचा. शिवाय टेक्ससच्या कायद्यानुसार रजिस्ट्रेशन संपलेली आणि खाजगी जागेत सलग ३० दिवसांहून जास्त बंद पडलेली गाडी रस्त्यावरून दिसत असेल तर ती भंगार वाहन म्हणून उपद्रव ठरू शकते. तेव्हा ट्रक गॅरेजमध्ये मावतो का ते टेपने मोजा (लांब हौद्याचा बहुधा मावत नाही) आणि रजिस्ट्रेशन चालू ठेवा.

एच-१बी वाल्यांसाठी एक सूचना. स्वतःची गाडी हौसेने दुरुस्त करणं वेगळं आणि पैसे घेऊन लोकांच्या गाड्या दुरुस्त करणं किंवा नफ्यासाठी एकामागून एक विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पडण्याआधी वकिलाला विचारा.

बघायला जाल तेव्हा

इंजिन थंड असताना जा आणि विकणाऱ्याला तसं आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन सगळे दोष लपवतं. टेक्ससच्या गाड्यांना गंज कमी, पण उत्तरेकडच्या मिठाच्या रस्त्यांवरून आलेली गाडी असेल तर चेसी आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्च घेऊन तपासा. डॅशबोर्डला तडे गेलेले असणारच, इथल्या उन्हात या रॅमचा डॅशबोर्ड पापडासारखा मोडतो. त्याचं मनावर घेऊ नका. १९९९ ते २००१ च्या सुमाराचा २४ व्हॉल्व्ह असेल तर ब्लॉकच्या बाजूला ५३ हा आकडा ओतलेला आहे का ते बघा, त्या ब्लॉकला बाहेरून तडा जाऊन पाणी गळण्याची खोड आहे. इंजिनच्या पुढच्या बाजूला असलेल्या पट्टीवरचा सिरियल नंबर लिहून आणा. त्यावरून कमिन्सच्या क्विकसर्व्ह साइटवर तुमचं इंजिन कारखान्यातून कुठल्या सुट्या भागांनिशी बाहेर पडलं ते कळतं. इतकं चांगलं डॉक्युमेंटेशन आमच्या प्रोजेक्टलाही नसतं.

थांबणं आणि वळणं

डिझेलला थ्रॉटल नसल्याने इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे यातल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तो पॉवर स्टिअरिंग पंपाला जोडलेला आहे आणि दोघांच्या मधलं सील म्हातारपणी गळतं. पेडल दगडासारखं कडक लागलं तर सुरुवात इथून करा. ब्रेकच्या रबरी होज तीस वर्षांच्या असतील तर वरून चांगल्या दिसल्या तरी बदलाच. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर बघा.

फोर बाय फोर रॅम हायवेवर रस्ताभर नांगरत जाते, अशी तिची ख्याती आहे. कारण बहुतेक वेळा ट्रॅक बारचा झिजलेला जॉइंट असतो. तो फार झिजला तर एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर पुढचा सगळा अॅक्सल थरथरायला लागतो. हे ६३५ वर सत्तरच्या वेगात घडू नये. ट्रॅक बार, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, मग स्टिअरिंग बॉक्स, या क्रमाने जा. नुसता नवा डँपर लावून थरथर दाबणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर फोडणं.

पाणी हा तिसरा विषय. २०११ च्या उन्हाळ्यात डॅलसला ७१ दिवस पारा १०० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता. रेडिएटर, फॅन क्लच, थर्मोस्टॅट आणि सगळ्या होज पहिल्याच उन्हाळ्याआधी करून टाका. तुम्ही स्वतः मात्र काम ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये करा, जुलैत इथलं गॅरेज भट्टी असते.

इंजिन

पहिलं काम डॉवेल पिनचं. १९८९ ते २००२ च्या ५.९ कमिन्समध्ये टायमिंग गिअरची पेटी ब्लॉकवर जागेवर बसवण्यासाठी एक छोटी पोलादी पिन आहे. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी ती सैल होऊन गिअरमध्ये पडू शकते आणि मग पेटी फुटण्यापासून इंजिन संपण्यापर्यंत काहीही होतं. उपाय स्वस्त आहे. पुढचं डँपर आणि कव्हर काढायचं आणि शेजारच्या बोल्टखाली एक पट्टी बसवून पिन कायमची अडवायची. एक शनिवार-रविवार जातो. आधीच्या मालकाने केलंय असं नुसतं तोंडी सांगितलं तर ते केलेलं नाही असं धरा.

सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागत असेल तर इंजेक्टरवर खर्च करण्याआधी डिझेलच्या रबरी नळ्या बघा. टाकीच्या डोक्यावर आणि इंजिनच्या मागे असलेल्या छोट्या होज चिरतात, डिझेल रात्रभरात मागे उतरतं आणि लाइनमध्ये हवा शिरते. बाहेर गळती दिसतेच असं नाही. २००६ पासून इथे आलेल्या कमी गंधकाच्या डिझेलने जुनी सील आकसून गळू लागल्याचाही अनुभव आहे, म्हणून सील बदलताना आजच्या डिझेलला चालणारी घ्या. व्हीपी४४ असेल तर लिफ्ट पंपाचा दाब दाखवणारं गेज पहिल्या दिवशी बसवा. तो पंप डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलनेच वंगण मिळवतो. दाब १० पीएसआयच्या खाली जाऊ लागला की महागडा पंप मरणाच्या वाटेला लागला.

१२ व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग मात्र आनंदाचं काम आहे. इंजिन थंड हवं. इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२० इंच, फीलर गेज, चहा आणि एक निवांत सकाळ. मुलगा-मुलगी आठ-दहा वर्षांची असतील तर त्यांना शेजारी घेऊन इंजिन हाताने फिरवून दाखवा. व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना बघितल्यावर चार स्ट्रोकचं चक्र वेगळं शिकवावं लागत नाही. ऑइल १५डब्ल्यू-४०, फिल्टर धरून सुमारे ११ क्वार्ट.

कमिन्सला ग्लो प्लग नसतात, इनटेकमध्ये हवा तापवणारी जाळी असते. म्हणून स्टार्ट होत नाही म्हणून ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या जाळीवर तो पेटून स्फोट होऊ शकतो. दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला. ब्लॉक हीटरची वायर चालू आहे का तेही बघून ठेवा. १६ फेब्रुवारी २०२१ ला डीएफडब्ल्यूला उणे २ फॅरनहाइट झालं होतं.

मग सुधारणा

सगळ्यात जास्त फायदा देणारी सुधारणा चकचकीत नसते. या रॅमच्या हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो, त्यामुळे प्रकाश पिवळट पडतो आणि स्विच वितळतो. रिले असलेलं वायरिंग किट लावलं की रात्र उजळते. मागचा कॅमेरा लावा, हौद्यामागे उभं असलेलं मूल आरशात दिसत नाही.

ताकद वाढवायची तर आधी तीन गेज लावा: एक्झॉस्टचं तापमान, बूस्ट आणि ट्रान्समिशनचं तापमान. पी७१०० मध्ये फ्युएल प्लेट पुढे सरकवली की दहा मिनिटांत ताकद वाढते. तेवढ्याच सहजतेने टर्बोआधीचं तापमान १२५० फॅरनहाइटच्या वर जाऊन पिस्टन वितळू शकतात. कारखान्यातून हे इंजिन वर्षाप्रमाणे १६० ते २१५ हॉर्सपॉवरचं यायचं आणि १९९६ ते ९८ च्या गाड्यांत ऑटोमॅटिकला मॅन्युअलपेक्षा कमी ताकद मुद्दाम दिली होती. गिअरबॉक्सच सगळ्यात कच्चा दुवा आहे हे त्यातच आलं. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी आणि मोठा कूलर यांचं बजेट बाजूला काढल्याशिवाय प्लेटला हात लावू नका. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजेच तुमचे डॉलर. पार्किंग लॉटमध्ये तो सोडणारे तरुण दिसतात, त्यांचं ते त्यांच्यापाशी.

मुलं आणि मागची सीट

कार सीटसाठीची लॅच सोय अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या ट्रकमध्ये ती बहुधा नसते. सीट बेल्टनेच बांधावी लागते आणि वरच्या टेदरसाठी जागा आहे का ते डीलरकडून तपासून घ्यावं लागतं. टेक्ससमध्ये ८ वर्षांखालच्या आणि ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका. एकाच सीटची कॅब असेल तर तो ट्रक लहान मुलांसाठी नाही असं सरळ ठरवून टाका. घरी यावर वाद होतो, तो गाडी घेण्याआधी होऊ दे.

हात आणि पाय शाबूत ठेवण्यासाठी

एकट्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरही जाऊ नका. वजनाला पुरे पडणारे टेकू, काँक्रीटचीच जमीन, चाकांना अडसर. हे इंजिन एकटंच सुमारे ५०० किलो भरतं, त्यामुळे ते बाहेर काढायची वेळ आली तर काम दुकानाला द्या. जुन्या ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

इंजेक्टरच्या नळीची गळती बोटाने कधीही शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. हजारो पीएसआयचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि फारसं दुखतही नाही, पण आत बोट सडायला लागतं. असं झालं तर सकाळपर्यंत वाट न बघता तडक इमर्जन्सीत जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं स्पष्ट सांगा, नाहीतर पट्टी बांधून घरी पाठवण्याची शक्यता असते.

काढलेलं जुनं ऑइल बंद डब्यात भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात नेऊन द्या, बहुतेक ठिकाणी फुकट घेतात. अकरा क्वार्ट एका दमात नेणार असाल तर ते किती घेतात हे फोन करून आधी विचारा, आणि डबा हौद्यात दोरीने बांधा.