जुन्या वस्तूंतील कुंडीबाग

जुन्या वस्तूंतील कुंडीबाग म्हणजे वापरातून गेलेली भांडी, दगडी डोणी, उखळ, रांजण इत्यादींमध्ये कमी निगा लागणारी झाडे लावण्याची पद्धत होय. इंग्लंडमध्ये गुरांच्या दगडी डोण्यांत डोंगराळ प्रदेशातील बुटक्या वनस्पती लावण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली. डोण्या दुर्मीळ झाल्यावर सिमेंट, वाळू व पीट यांपासून 'हायपरटुफा' हा कृत्रिम दगड तयार करण्यात येऊ लागला. महाराष्ट्रात नळ आणि गिझर आल्यावर घंगाळ, हंडा व रांजण अडगळीत गेले. वाडे पाडले जात असताना अशा वस्तू जुन्या बाजारात येतात.

वस्तू व झाडे

दगडी डोणी सर्वांत सोयीची. उखळ उथळ असल्याने त्यात चिनी गुलाब किंवा पानफुटी लावतात. रांजण सच्छिद्र असल्यामुळे माती लवकर सुकते, म्हणून त्यात कोरफड व अडेनियम चांगले वाढतात. चिनी मातीच्या बरणीतून पाणी झिरपत नाही. अशा भांड्यात मुळे कुजण्याचा धोका अधिक असतो. तळाशी खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज प्रचलित असला तरी बरोबर नाही. वरची बारीक माती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खालच्या जाड थरात उतरत नाही. निचऱ्यासाठी छिद्रच लागते.

तांब्या-पितळेच्या घंगाळाला मात्र छिद्र पाडू नये. त्याने वस्तूचे मूल्य कायमचे घटते. शिवाय ओली माती व खतांतील क्षारांमुळे धातूवर हिरवट गंज चढतो आणि विरघळलेले तांबे मुळांची वाढ खुंटवते. स्नेक प्लांटसारखे झाड साध्या कुंडीत लावून ती कुंडी घंगाळात ठेवणे हा सुरक्षित उपाय आहे. साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे लागते, अन्यथा त्यात डेंग्यूचा प्रसार करणारे डास वाढतात.

कायदेशीर बाजू

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. शिल्पांसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी आवश्यक असून खासगी व्यक्तीस पुरावशेषांची निर्यात करता येत नाही. वीरगळ किंवा मंदिराचे कोरीव दगड बागेत आणून बसवणे या पद्धतीत मोडत नाही. मूळ जागेवरून हलवलेल्या वीरगळाचा गावाच्या इतिहासाशी असलेला संदर्भ तुटतो. घरगुती वस्तूंचेही असे मोल असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्योपयोगी वस्तूच जतन केलेल्या आहेत.