स्मृतीचें घर आणि त्याचा पत्ता

श्रोतेहो, कुटुंब वाढलें कीं आपण घराला एखादी खोली जोडतों. संगणकाचे मालकही एके काळीं तेंच करीत. त्यांची खोली मात्र नखाएवढ्या चिपांची असे. त्या उद्योगाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ता. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. १,५६५ डॉलर किंमतीच्या मूळ यंत्रांत स्मृती होती अवघी १६ किलोबाइट. मुख्य फळीवर ती ६४ पर्यंत वाढविण्याची सोय होती. त्यासाठीं नऊ-नऊ चिपांच्या तीन ओळी रिकाम्या खांचांत बसवावयाच्या. बाइटचे आठ बिट आठ चिपा सांभाळीत. नववी केवळ पहारेकरी. हिशेबांत चूक आढळली कीं यंत्र जागच्या जागीं थांबे. चिप बसविणारा प्रथम पेटीच्या धातूला हात लावी, कारण अंगावरची स्थिर विद्युत् चिपेला मारक. एकही पाय दुमडूं न देतां चिप दाबली, कीं फळीवरील बारीक खटके फिरवून यंत्राला नव्या संपत्तीची वर्दी द्यावयाची. ६४ च्या पुढील स्मृती निराळ्या कार्डावर येई.

मग हवी तितकी स्मृती कां जोडूं नये? खरी गोम येथेंच आहे. प्रत्येक बाइटला घरक्रमांक लागतो. ह्या यंत्राच्या इंटेल ८०८८ प्रोसेसरला पत्ता सांगण्यासाठीं तारा वीसच. त्यांनीं १०,४८,५७६ पत्ते होतात. पुढच्या घराला क्रमांकच नाहीं; मग टपालवाला जाणार कोठें? त्यांतूनही ३८४ किलोबाइटचे पत्ते रचनाकारांनीं पडदा वगैरे यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठीं राखून ठेविले. वापरणाऱ्याच्या वांट्याला आले ६४०.

आरंभींच्या १६ च्या मानानें हें चाळीसपट औदार्य होतें! परंतु १९८३ सालीं लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्राम निघाला, आणि लौकरच मोठाले तक्ते त्या जागेंत मावेनासे झाले. १९८५ सालीं लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांनीं एक तोड काढली. पत्त्यांच्या हद्दींत ६४ किलोबाइटची एक खिडकी ठेवावयाची, आणि कार्डावरील जादा स्मृतीचीं १६-१६ किलोबाइटचीं पानें पाळीपाळीनें त्या खिडकींत आणावयाचीं. १९८४ च्या एटी यंत्रांत तर चोवीस तारांचा प्रोसेसर आला होता, १६ मेगाबाइट मोजणारा. पण डॉसवरील जुने प्रोग्राम जुन्याच रीतीनें चालत. म्हणून ६४० ची भिंत १९९० नंतरही कित्येक वर्षें उभीच राहिली.

श्रोतेहो, चिप बाजारांत मिळते. पत्ता मिळत नाहीं. तो यंत्र आंखतांनाच ठरतो, आणि आंखणाऱ्यांच्या त्या निर्णयाची किंमत पुढें हजारों गिऱ्हाइकांना मोजावी लागते. म्हणून जुन्या यंत्राला स्मृती जोडूं इच्छिणाऱ्यानें, ती किती आणावी हें ठरविण्याआधीं, आपलें यंत्र किती मोजूं शकतें हें अवश्य पाहावें.